हरणांचा वजनकाटा

क्रेन पाँड या अमेरिकेच्या उत्तर टोकावरच्या गावातल्या लोकांना आमच्या कॉलेजच्या फुटबॉलचं वेड लावायचं, हे माझं काम. असल्या कामाला पगार देतात हेच नवल. इथं हॉकी म्हणजे जीव की प्राण, आणि फुटबॉल म्हणजे दक्षिणेकडचं खूळ. मी फुकट टोप्या वाटल्या, चर्चच्या जेवणात खेळाडूंना वाढायला उभं केलं, बँड बाजारातून फिरवला. टोप्या लोकांनी आनंदाने घेतल्या आणि हॉकीच्या सामन्याला घालून आले. कंटाळा आला हो मला.

आमचे कोच टगल पार दक्षिणेतल्या अलाबामाचे. तिथलं घर विकून, बायकोला चांगली नोकरी सोडायला लावून इथं आले. माणूस गोड. पण मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर असताना त्यांनी असा घोळ घातला, की इथलं शेंबडं पोरही घालणार नाही. वर्षातला सगळ्यात मोठा सामना त्यांनी हरणांच्या शिकारीच्या मोसमातल्या पहिल्याच शनिवारी लावला.

"कोच, त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा नसतं. सगळे रानात."

"पण मॅडम, हरणं रविवारी कुठं पळून जातात?"

"हे इथं बोललात ते बोललात. बाजारात बोलू नका, मार खाल."

तारीख बदलेना. त्यात विश्वस्तांनी सांगून टाकलं, की या सामन्याला स्टँड भरला तर संघ राहील, नाहीतर गाशा गुंडाळा. कोच पांढरेफटक पडले. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग मला एक सुचलं. मारलेलं हरण वजन करून नोंदवावंच लागतं, आणि आमच्याकडे तो काटा रेने ओलेटच्या पेट्रोल पंपावर असतो. दुपारी सगळं गाव तिथं लोटतं. मी रेनेला म्हटलं, "यंदा काटा स्टेडियमच्या दारात लाव."

"रोलांड, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"नाही. लावतोस का?"

"लावतो. पण सॉसेजं मीच विकणार."

शनिवारी दुपारी पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्यांच्या मागे हरणं, शेगड्यांवर सॉसेजं, शिकाऱ्यांच्या नारिंगी जाकिटांचा नुसता समुद्र. कोच फाटकापाशी आले आणि त्यांचे डोळे भरून आले. "मॅडम, घर सोडल्यापासून अशी गर्दी बघितली नव्हती."

शिट्टी झाली. मी भोंगा घेऊन ओरडले, "चला, आत चला! तिकीट फुकट!"

"अगं, गप की जरा!" रेने खेकसला. "केवढा नर आलाय बघ!" सगळे काट्याकडे वळले. फाटकाकडे त्यांच्या पाठी.

आत ढोल वाजला तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या आर्मानने विचारलं, "काय झालं गं?"

"आपण पुढे आहोत!"

"छान, छान. तो ढोल तेवढा हळू वाजवायला सांग. बोललेलं ऐकू येत नाही."

सामना आम्ही जिंकलो. स्टँडमध्ये खेळाडूंचे आईबाप आणि बँडवाले. बाकी बाकडी मोकळी, आणि वर काचेच्या खोलीत विश्वस्त. ते मात्र पार्किंगच्या बाजूला तोंड करून उभे होते.

सोमवारी कॉलेजच्या अध्यक्षीणबाईंनी बोलावलं. "फुटबॉल बंद करतोय," त्या म्हणाल्या. "पण रोलांड, बाहेर काय रंग भरला होता! गाव कधी इतकं आपलं वाटलं नव्हतं. ते दरवर्षी करायचं. तूच बघ."

मी हो म्हटलं. पोट आहे ना मागे. पण जिना उतरताना स्वतःची इतकी चीड आली, की कठड्यावर हात आपटला.

कोच खोली आवरत होते. जिंकलेला चेंडू खोक्यात बसत नव्हता. त्यांना सगळं आधीच कळलं होतं. चेंडू पुन्हा एकदा दाबून बघत त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी काटा कुठं लावणार?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "मैदानात. पार्किंग पुरत नाही म्हणे."

त्यांनी चेंडू उचलून माझ्या हातात दिला.

"म्हणजे स्टँड भरेल, मॅडम," ते म्हणाले, आणि खोकं बांधायला वाकले.