डावा कोपरा

मतदान गुप्त होतं, म्हणजे कागदोपत्री. प्रांताचा प्रमुख सभागृहातल्या एकसष्ट सदस्यांनी निवडायचा होता, आणि आपले एकतीस फुटू नयेत म्हणून पक्षानं प्रत्येकाला फुलीची वेगळी खूण दिली होती. कुणी चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात करायची, कुणी खालच्या रेघेला टेकवून. मोजणीला पक्षाचा प्रतिनिधी आपल्या उमेदवाराच्या चिठ्ठ्यांवर खुणा ताडून बघणार. जी सापडली नाही, तिचा मालक कामातून गेला. लोकशाही म्हणतात ती हीच.

सदस्य होण्याआधी कंपाउंडर तीस वर्षं दवाखान्यात औषधं देत होता. त्याच्या वाट्याला डावा कोपरा आला होता. पक्षाचा उमेदवार एका रंगाच्या कारखान्याचा मालक. तिथं दारांना बाहेरून कुलपं असताना आग लागली आणि कंपाउंडरच्या मेव्हण्याचा, ताईच्या नवऱ्याचा, कोळसा झाला.

"त्याला मत दिलंस तर तू माझा भाऊ नाहीस," ताई शांतपणे म्हणाली होती.

पक्षानं सगळ्यांना चार दिवस हॉटेलात डांबलं होतं. कंपाउंडरच्या खोलीत आबा होते, पंच्याहत्तरीचे, विसराळू आणि स्वभावानं गरीब. मतदानाच्या सकाळी मोजे चढवता चढवता त्यांनी विचारलं, "अरे, माझा कोपरा कुठला रे? डोक्यातून पार गेलं बघ."

आबांचा कोपरा उजवा. कंपाउंडरला पक्कं ठाऊक होतं.

"डावा, आबा," तो म्हणाला. स्वतःचीच त्याला शिसारी आली.

कारखानदार एका मतानं पडला. उजव्या कोपऱ्यातली फुली सापडलीच नाही. पक्षाच्या खोलीत आबांना मधोमध बसवलं.

"तुमचा मुलगा आमच्याच कारखान्यात आहे ना?" कारखानदारानं हळू आवाजात विचारलं. "बॉयलरवर?"

आबांनी हात जोडले. "अहो, तुम्हालाच दिलं मत. डाव्या कोपऱ्यात. ह्यानंच सांगितलं."

"डाव्या कोपऱ्यात एकच फुली आहे," प्रतिनिधी म्हणाला.

सगळे कंपाउंडरकडे वळले.

"ती माझी," तो म्हणाला. "आबांना मी उजवाच सांगितला होता."

आबा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली. "असेल. माझंच चुकलं असेल. हल्ली काही ध्यानात राहत नाही. ह्या बिचाऱ्याला उगाच गुंतवू नका."

कंपाउंडरला रडू फुटत होतं. रडला असता तर पकडला गेला असता, म्हणून तो रडला नाही.