उपयोगाचं तेवढंच

कोबिना एजिरनं उभा जन्म समुद्रकाठच्या सेकोंडी गावातल्या रेल्वे कारखान्यात इंजिनं दुरुस्त करण्यात घालवला. त्याच्या हाताखाली शिकलेली माणसं अजूनही रस्त्यात भेटली की थांबून विचारपूस करायची. माणूस सरळ, पण हेकट. उपयोगाचं तेवढं ठेवायचं, बाकी भंगारात, हा त्याचा कारखान्यातला खाक्या. निवृत्त झाल्यावर भंगारात काढायला काही उरलं नाही, तेव्हा तो खाक्या घरावर चालायला लागला.

त्याची बायको आराबा केंके करून विकायची. मक्याचं आंबवलेलं पीठ केळीच्या सुक्या पानांत बांधायचं, मोठ्या हंड्यात उकडायचं आणि तळलेल्या मासळीबरोबर बंदरावरच्या कोळ्यांना द्यायचं. केंके मऊ, जीभ तिखट. साखरेचा आजार जडल्यापासून तिची चाल मंदावली होती, जीभ मात्र होती तिथंच होती.

दोघांना एकच मुलगी, न्हिरा. ती नर्सिंग शिकत होती आणि शिकता शिकता फुसेनीच्या प्रेमात पडली. फुसेनी उत्तरेतल्या तमालेचा. यामच्या कंदांनी भरलेला ट्रक घेऊन देशाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत यायचा. रीतीप्रमाणे त्याच्या घरची वडीलधारी मंडळी त्याला आणि दारूच्या बाटल्या घेऊन मागणी घालायला, दार ठोठवायला म्हणतात तसं, आली, तेव्हा कोबिना खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला. मंडळी उठून जाईपर्यंत त्यानं मान वळवली नाही. बाटल्या आल्या तशा परत गेल्या.

"कंदवाल्याच्या घरी जायचं असेल तर जा," त्यानं मुलीला सांगितलं. "मग हा उंबरठा तुझा नाही."

न्हिरा गेली. नर्सिंग पुरं केलं, लग्न केलं, तमालेच्या एका दवाखान्यात लागली. आराबा तिच्याशी फोनवर बोलायची ती मागच्या परसात, हंड्याआड बसून. कोबिनाला ते ऐकू यायचं. ऐकू येत नाही असं तो दाखवायचा. मुलगी झाल्याचंही त्याला असंच, हंड्याआडून कळलं.

हरमत्तानचा धुळकट वारा सुरू झाला होता, त्या दिवसांत एका दुपारी फुसेनीच्या ओळखीचा एक ड्रायव्हर दारात यामचं पोतं आणि एक खोकं ठेवून गेला. खोक्यात बिस्किटाएवढी काळी डबी होती, तिचा रिमोट आणि एक चिमुकला कॅमेरा.

"न्हिरानं पाठवलंय. टीव्हीला लावायचं असतं," आराबा म्हणाली.

"परत पाठव."

"आणि याम? तेही परत पाठवू?"

कोबिनानं चुलीकडे पाहिलं. याम चुलीवर चढले होते, शेजारी अळूच्या पानांचं कालवण रटरटत होतं, आणि तमालेसारखा याम सेकोंडीच्या बाजारात मिळत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. जेवून झाल्यावर त्यानं डबी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"यावर फुटबॉल दिसतो का?" त्यानं भिंतीला विचारावं तसं विचारलं.

शनिवारी त्याच्या बहिणीची मुलगी कुकुआ आली. ताकोराडीच्या बाजारात तिचं फोन दुरुस्तीचं दुकान. मामाला ती त्यांच्याकडच्या रीतीनं वोफा म्हणायची. तिनं डबी टीव्हीला जोडली, घरातलं इंटरनेट तिच्यावर चालू करून दिलं आणि पडद्यावर रंगीत चौकोनांची रांग उभी राहिली.

"वोफा, यात जागा थोडी आहे," ती म्हणाली. "रोज लागतील तेवढीच ॲप घ्या. गर्दी केलीत की चित्र मध्येच गचके खाईल."

"इंजिनाला झेपतील तेवढेच डबे लावायचे," कोबिना म्हणाला. हे त्याला पटलं. तो खुर्ची ओढून बसला आणि कारखान्यात माल तपासावा तसा एकेक चौकोन तपासायला लागला. "हे काय? गाणी? नको. रेडिओ आहे. हे?"

"सिनेमे. पण दर महिन्याला पैसे मागतं."

"काढ. फुकटचं काय आहे?"

फुटबॉलचं घेतलं. बातम्यांचं घेतलं. प्रवचनांचं घेतलं, कारण चर्चमध्ये त्याला मागं बसावं लागायचं आणि पाद्री पुटपुटायचा. दामे हा पटावरच्या सोंगट्यांचा खेळ घेतला, कारण त्याचा जोडीदार वारल्यापासून त्याच्याशी खेळायला कुणी उरलं नव्हतं. मग त्यानं उदारपणे आराबाकडे पाहिलं.

"तुझ्यासाठी हे घेऊ. स्वयंपाकाचं."

"म्हणजे आता केंके मला टीव्ही शिकवणार?" आराबा म्हणाली. "मला ते नको. मला एकच हवंय. ते बोलायचं घाल. चेहरा दिसतो ते. त्यासाठीच पोरीनं पाठवलंय हे."

कुकुआनं कॅमेरा उचलला. "हो वोफा, हा त्याचाच. टीव्हीच्या डोक्यावर बसवायचा. मामीला फोनवर बाळ नीट दिसत नाही. परवा मला फोटो दाखवून विचारत होती, ही मुलगी आहे की पोतं."

"मग चष्मा कर म्हणावं."

"चष्म्यानं होत नाही, कोबिना," आराबा म्हणाली. "इथं मोठी दिसेल. एवढंच घाल, बाकी सगळं तुझं."

"जागा नाही."

"आहे," कुकुआ पटकन बोलून गेली. "स्वयंपाकाचं नको असेल तर तेवढी होते. नाहीतर सोंगट्यांचं काढू."

"जागा नाही म्हटलं ना!" कोबिनाचा आवाज चढला. "घरात कॅमेरा लावून बसायचं? उद्या कोण कुठून आत डोकावेल, नेम आहे का? उपयोगाचं तेवढंच ठेव."

त्यानं कॅमेरा कपाटाच्या खणात टाकला. खरं कारण त्याला पुरतं माहीत होतं. टीव्ही बैठकीच्या खोलीत होता. न्हिराचा चेहरा तिथं उमटला असता तर त्यालाही दिसला असता, त्याचा तिला दिसला असता. मग खुर्ची कुठं फिरवायची?

आराबानं वाद घातला नाही. "बरं," एवढंच म्हणाली आणि परसात गेली. एरवी ती एका शब्दाला चार शब्द द्यायची, म्हणून ते 'बरं' कोबिनाला टोचलं. पण संध्याकाळी सामना होता.

पुढचे काही महिने त्याचे मजेत गेले. सकाळी प्रवचन, दुपारी सोंगट्या, संध्याकाळी बातम्या. आराबा आपलं स्टूल टीव्हीच्या अगदी पुढ्यात ओढून बसायला लागली.

"काचेत शिरतेस काय?"

"काय करू? तुझे खेळाडू मला मुंग्यांसारखे दिसतात."

तो हसला. ती कालवण वाढताना वाडग्याच्या बाहेर सांडायला लागली, तेव्हा म्हातारी झालीस म्हणून त्यानं चिडवलं. बंदरावरच्या एका बाईनं सांगितलं की आराबा सुटे पैसे बोटांनी चाचपून देते. तेही त्यानं कानाआड केलं. खणातल्या कॅमेऱ्याची आठवण त्याला अधूनमधून यायची. एकदोनदा तर त्यानं मनात ठरवलंही, की कुकुआ आली की लावून टाकू, आराबाच्या सोयीसाठी म्हणून, आपण बाहेर फिरायला जाऊ. पण आपण होऊन म्हणायचं कसं? आराबानं पुन्हा एकदा विचारावं, मग कुरकुर करत हो म्हणावं, अशी वाट तो पाहत राहिला. आराबानं पुन्हा विचारलंच नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी ती चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "कोबिना, धूर फार झालाय का रे?"

धूर नव्हता. चूल पेटलीच नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी तिचे डोळे बराच वेळ तपासले. साखरेनं डोळ्यांच्या आतल्या बारीक शिरा फुटल्या होत्या. एक डोळा आधीच गेलेला होता, दुसराही आता गेला. "हे एका दिवसात झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "कित्येक महिने कमी कमी दिसत असणार. तुम्हाला काही म्हणाल्या नाहीत?"

आराबाच बोलली. "म्हणाले होते. चष्मा कर म्हणाला."

ती टोमणा मारत नव्हती. विचारलं त्याचं उत्तर देत होती. कोबिनाला वाटलं, तिनं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर त्यानं कुकुआला बोलावून घेतलं. सोंगट्यांचा खेळ काढायला लावला. ती म्हणाली की जागा आहे, काढायची गरज नाही. तो म्हणाला, काढ. कॅमेरा त्यानं स्वतः टीव्हीवर बसवला.

रविवारी घंटी वाजली आणि पडदाभर न्हिरा उभी राहिली. कोबिना खुर्चीत होता. खुर्ची फिरवली नाही त्यानं. ती त्याच्याकडे बघत राहिली, तो तिच्याकडे.

"पापा," ती शेवटी म्हणाली, एवढंच.

"न्हिरा!" आराबा स्टुलावरून पुढं झुकली. तिचा चेहरा टीव्हीच्या थोडा बाजूला, खिडकीकडे वळलेला होता. कोबिनानं तिचे खांदे धरून तिला नीट फिरवलं. "कोबिना, कशी दिसते रे? सांग ना मला."

त्यानं घसा खाकरला. लोकांदेखत कुणाच्या रूपाबद्दल बोलायची त्याला सवय नव्हती, त्यातून लेकीच्या. "वाळलीय. केस बारीक कापलेत. निळा पोशाख आहे, दवाखान्यातला." मग आणखी काय सांगावं हे न कळून तो म्हणाला, "भुवईजवळ जखमेची खूण आहे. तिकडं काही लागलं असेल."

आराबा हळूच म्हणाली, "तिकडं नाही रे. सहा वर्षांची होती, तुझ्या कारखान्याच्या आवारात पडली. तूच उचलून धावत आणलीस. सदरा रक्तानं भरला होता तुझा."

कोबिनानं पुन्हा त्या खुणेकडे पाहिलं. त्याला तो सदरा आठवला. खूण आठवत नव्हती. आपण मुलीकडे शेवटचं नीट कधी पाहिलं, तेही आठवेना.

"आणि बाळ?" आराबा म्हणाली.

न्हिरानं मुलीला मांडीवर घेतलं. कोबिना सांगत गेला. कपाळ रुंद, तुझ्यासारखं. दात किती, तर खाली चार, वर दोन. रिमोट चावतेय. आता तो फेकला. आता आपल्याकडेच बघतेय.

"माझ्याकडे?"

"तुझ्याकडेच," तो म्हणाला. आराबानं खिडकीच्या दिशेनं हात हलवला. त्यानं तो धरून हलकेच टीव्हीकडे वळवला.

मागून फुसेनी हाक देत डोकावला, कामावरून आलेला. आराबानं आवाज ओळखला. "जावई आलेत? ते कसे दिसतात, कोबिना? मला तर त्यांना नीट बघायलाच मिळालं नव्हतं, एवढ्यात मंडळी उठून गेली."

आता या माणसाकडे पाहणं भाग होतं. "उंच आहे," कोबिना म्हणाला. "गाल भरलेले. डोळे..." तो थांबला. "डोळे चांगले आहेत."

"नाकाचंही सांगा, पापा," फुसेनी म्हणाला. "नाहीतर आई म्हणतील, जावयाचं नाक लपवलं."

आराबा खळखळून हसली. न्हिरा हसली. कोबिनाला हसू आलं नाही. या माणसाबरोबर हसणं आधीपासूनच किती सोपं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं.

त्यानंतर दर रविवारी तेच. कोबिना जे दिसेल ते सांगायचा, आराबा ऐकायची. सांगता सांगता त्याची जीभ सुटली. मुलगी उभी राहिली, तिला शाळेतल्या मुलींसारख्या दोन वेण्या घातल्यात, भिंतीवर खडूनं काहीतरी ओढलंय, न्हिराला पुन्हा दिवस गेलेत असं दिसतंय. आराबा समाधानानं मान हलवायची. पण कॉल संपला की ती कधीकधी विचारायची, "खरंच सांगितलंस ना? मला बरं वाटावं म्हणून काही भर घातली नाहीस ना?" नाही म्हणताना त्याला वाटायचं, आपल्यावर विश्वास का ठेवावा हिनं?

पुढच्या ईस्टरला ती सगळी आली, फुसेनीच्याच ट्रकमधून. यामची पोती उतरली, मागोमाग मुलगी उतरली. कोबिनानं उंबरठ्यावर उभं राहून फुसेनीचे दोन्ही हात हातात घेतले, आणि त्या दिवशी वडीलधाऱ्यांपुढं स्वागताचं जे म्हणायला हवं होतं ते पुटपुटत म्हटलं. फुसेनीनं त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "आत चला पापा, ऊन आहे," म्हणाला.

मुलगी आजीच्या स्थिर डोळ्यांना आधी बिचकली. मग केंकेचा तुकडा हातात मिळाल्यावर जवळ आली. आराबानं तिच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली. कपाळ, भुवया, गाल, कान. फिरवता फिरवता बोटं थांबायची, पुन्हा मागं जायची.

"कपाळ खरं सांगितलंस तू," शेवटी म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते तिनं पुसलं नाही.

कोबिनाला तिथं उभं राहवेना. तो मागच्या परसात गेला. न्हिरा तिथं वाटण वाटत होती. पोट वाढलेलं असूनही लहानपणी बसायची तशीच, एक पाय दुमडून. त्यानं स्टूल ओढलं.

"न्हिरा, ती डबी तू पाठवलीस तेव्हा..."

"तेव्हा आईला थोडं दिसत होतं," ती वर न बघता म्हणाली. "डोळे जायच्या मार्गावर आहेत हे मला फोनवर तिच्या बोलण्यावरूनच कळलं होतं. दवाखान्यात जा म्हणून किती सांगितलं, पण ऐकेना. मग म्हटलं, निदान बाळाला एकदा बघू दे. म्हणून मोठ्या पडद्याचं शोधलं. आणि तुम्ही त्यावर फुटबॉल बघितलात, पापा."

"हो," कोबिना म्हणाला.

त्याला आणखी पुष्कळ म्हणायचं होतं. आपण वाट बघत होतो, ती पुन्हा विचारेल म्हणून. पण ते तोंडात आलं आणि तिथंच राहिलं, कारण ऐकायलाही ते लाजिरवाणं होतं.

न्हिरानं वाटण भांड्यात काढलं, हात धुतले. ती रागावलेली दिसत नव्हती. दमलेली दिसत होती. तिनं वाडग्यांची चळत त्याच्या हातात दिली.

"ही आत न्या," ती म्हणाली. "आणि आईच्या वाडग्यातल्या मासळीचे काटे काढून द्या. तिला दिसत नाहीत."

तो आत गेला आणि आराबाशेजारी बसून काटे काढायला लागला.