कवचबुवांचं नाचरं अंडं

गुरुवारी सकाळी कानेवाडीच्या मारुतीपुढं पाय ठेवायला जागा नसायची. नळदुर्गकडून आलेल्या जीपा माणसं उतरवून परत फिरायच्या, आणि उतरलेल्या बहुतेक बायकांच्या पदराखाली फडक्यात गुंडाळलेलं एक अंडं असायचं. मांडवात मधोमध तांब्याचं मोठं घंगाळ, त्यात कोमट पाणी, आणि घंगाळामागं वाघाचं चित्र असलेल्या ब्लँकेटवर बसलेले कवचबुवा. त्यांचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

"अंडं म्हंजी ब्रह्मांड," बुवा सांगायचे. "कवचाच्या आत काय चाललंय ते दोघांनाच ठाऊक. एक वरचा, आन दुसरा म्या. आणा माय, तुमचं अंडं आणा. कोंबडी कधी बसवली? अवसंच्या आधी का मागून?"

बाई सांगायची. बुवा अंडं कपाळाला लावायचे, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचे आणि ते अलगद घंगाळात सोडायचे. अंडं पाण्यावर तरंगायचं, आणि मग आपसूक हलायला लागायचं. डुलायचं, थबकायचं, कुणी आतून धक्का दिल्यासारखं एकदम कलायचं. पाण्याला वारा नाही, बुवांचा हात लांब, आणि अंडं नाचतंय. ते बघून चांगल्या शिकलेल्या माणसांच्याही अंगावर काटा यायचा.

ज्याचं अंडं नाचलं त्याचं घर शुद्ध. ज्याचं बुडलं किंवा नाचलं नाही त्याच्या घरात पीडा. पीडा असलेल्यानं एक कोंबडा बुवांच्या चरणी सोडायचा, चौकटीला अंगारा लावायचा आणि दोन गुरुवार सोडून त्याच कोंबडीखालचं दुसरं अंडं घेऊन यायचं. तेव्हा ते हमखास नाचायचं. गावाचा विश्वास बसला तो इथं. पीडा नुसती दिसत नव्हती, ती डोळ्यांदेखत जातही होती.

हर्षालीनं हे सगळं पुढच्या रांगेत बसून पाहिलं होतं. तिचा नवरा सोलापूरला कंपनीत. घरात ती आणि सासू लक्ष्मीबाई. परड्यात दोघींच्या पाच-सहा गावरान कोंबड्या होत्या. महिन्यामागं त्यांच्या तांबडीचं अंडं घंगाळात नाचलं तेव्हा लक्ष्मीबाईनं अख्ख्या आळीला साखर वाटली होती आणि हर्षालीलाही बरं वाटलं होतं. पण या गुरुवारी जे झालं ते तिला गिळता येईना.

या गुरुवारी हरणाबाईची पाळी होती. ओढ्यापलीकडं एकट्याच वस्तीवर राहणारी ही विधवा बाई लक्ष्मीबाईची माहेरापासूनची मैत्रीण. तिचं अंडं मागं एकदा नाचलं नव्हतं. अंगारा लावून झाला होता आणि आता ती दुसऱ्यांदा आली होती. बुवांनी अंडं पाण्यात सोडलं. ते तरंगलं आणि तसंच राहिलं. धोंड्यासारखं.

बुवांनी डोळे मिटले. मग हळू आवाजात म्हणाले, "कोंबडा देऊन, अंगारा लावूनबी जिचं अंडं हलत न्हाय, तिच्या घरात पीडा नसती. पीडा तीच असती. तुमच्या गावात कोंबड्या माना टाकून मरायल्यात ना? कुणामुळं, ते ह्या पाण्यानं सांगितलंय."

गावात तेव्हा खरंच कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली होती. आठवड्याभरात कित्येक खुराडी रिकामी झाली होती. लोकांनी एकदम वळून हरणाबाईकडं पाहिलं. तिनं लक्ष्मीबाईकडं पाहिलं. लक्ष्मीबाईनं मान खाली घातली.

मांडव ज्यांनी घालून दिला होता ते आण्णासाहेब उठले. "पुढच्या गुरवारी गाव बसंल आन काय ते ठरवंल," एवढंच बोलले. काय ठरणार ते सगळ्यांना कळलं. त्याच संध्याकाळी हरणाबाईला हापशावरून रिकामी घागर घेऊन परत जावं लागलं.

हर्षालीला झोप येईना. स्वयंपाकात मीठ दोनदा पडायला लागलं. आपलं अंडं नाचलं म्हणून आपण शुद्ध, आणि हरणामावशीचं नाचलं नाही म्हणून ती चेटकीण? लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पहिल्यांदा प्रेमानं जवळ घेणारी बाई ती.

"आत्या, मावशीला भेटून येऊ का?" तिनं सासूला विचारलं.

"नगं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. त्या भाकरी थापत होत्या आणि भाकरी तुटत होती. "आपली काळी कोंबडी अंड्यावर हाय. तिकडची सावलीबी नगं सध्या."

रविवारी दुपारी सासू शेताकडं गेल्यावर हर्षालीनं दार लोटून घेतलं. चुलीवर पाणी कोमट केलं, पातेल्यात ओतलं, काळीच्या पोटाखालून एक अंडं काढलं आणि पाण्यात सोडलं. आपलं घर शुद्ध आहे एवढं तरी बघावं म्हणून. अंडं तरंगलं. ती वाकून बघत राहिली. अंडं हललं नाही.

ते अंडं पुसून तिनं काळीखाली सरकवलं आणि कुणाला काही बोलली नाही. दोन दिवस ती घरातल्या घरात येरझाऱ्या घालत राहिली. देवाला दिवा लावताना काडी विझायची, आणि तिला त्यातही काहीतरी दिसायला लागलं. मंगळवारी तिला राहवलं नाही. पुन्हा दार लोटलं, पुन्हा पाणी कोमट केलं, कोळशानं खूण केलेलं तेच अंडं पुन्हा सोडलं.

अंडं डुललं. थांबलं. मग एकदम कलंडून उलट बाजूला फिरलं.

हर्षाली भिंतीला टेकून खाली बसली. कोंबडा दिला नव्हता. अंगारा लावला नव्हता. मंत्र तर तिला येतच नव्हता. अंडं तेच, घर तेच, पाणी तेच. मधे फक्त दोन दिवस गेले होते.

तिनं अंडं कानाला लावलं. आत अगदी बारीक खरखर झाली. आणि ज्या गोष्टी ती लहानपणापासून जाणत होती त्या एकमेकींना येऊन चिकटल्या. कोंबडी तीन आठवडे बसते. सुरुवातीला अंड्यात नुसतं पाणी असतं. शेवटच्या दिवसांत पिल्लू पुरतं भरतं आणि हातपाय हलवतं. अंडं नाचत नव्हतं. आतलं पिल्लू हलत होतं.

मग बुवा प्रत्येकीला पहिल्यांदा काय विचारतात? कोंबडी कधी बसवली.

शाळा सुटायच्या वेळेला तिनं शिवकुमार सरांना गाठलं. सर नळदुर्गहून मोटरसायकलवर यायचे, आणि बुवांना उघड नावं ठेवणारा गावातला तो एकटाच माणूस. त्यामुळं त्यांचं कुणी ऐकत नसे. त्यांनी हर्षालीचं सगळं ऐकून घेतलं आणि जरा ओशाळले.

"मी महिनाभर म्हणतोय घंगाळात लोहचुंबक आहे," ते म्हणाले. "आमच्या घरात अंडं येत नाही ओ. ह्यात मला काडीचं कळत नाही. पण मला सांगा, तुमचं अंडं हलतं ते कळलं. हरणाबाईंचं दोन्ही वेळेला का नाही हललं? तिसरा आठवडा तर त्यांचाही झाला होता."

तेच विचारायला हर्षाली बुधवारी सकाळी ओढा ओलांडून वस्तीवर गेली. सोबत सर होते आणि टोपलीत, उबदार फडक्यात गुंडाळलेलं, काळीखालचं एक अंडं.

हरणाबाई दारातच थांबली. त्यांना आत घ्यावं की नाही हे तिला ठरवता येईना. "कशाला आलीस पोरी. लोक बघतील."

"बघू द्या. मावशी, तुमचा कोंबडा कुठंय?"

"कोंबडा? त्यो माघातच गेला. माझे गुडघे धरले होते, तवा बुवा म्हणले कोंबडा सोड. सोडला. पुढं अंडं हललं न्हाय, तवा त्योच धरला त्यांनी."

"आणि ही कोंबडी त्याच्यानंतर अंड्यावर आली?"

"लई मागून. शिमगा झाल्यावर."

ओढ्यापलीकडं दुसरी वस्ती नव्हती, दुसरा कोंबडा नव्हता. हर्षालीनं सरांकडं पाहिलं आणि सांगितलं, "सर, कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी घालती. पण त्यात पिल्लू धरत नाही. किती का बसवा."

हरणाबाईनं ते ऐकलं, पण तिचा चेहरा उजळला नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि बारीक आवाजात म्हणाली, "तुमी म्हणताव ते खरं असंल. पण मला दुसरंच वाटतंय. माझा मालक गेला. पोरगं जगलं न्हाय. आता ह्या कोंबड्या. माझ्याच हातात काय असंल तर?"

हर्षालीनं तिच्याच चुलीवर पाणी कोमट केलं, तिच्याच परातीत ओतलं आणि टोपलीतलं अंडं तिच्या तळहातावर ठेवलं. "तुम्ही सोडा."

"नगं. मरंल ते."

"सोडा मावशी."

हरणाबाईनं डोळे मिटून अंडं सोडलं. उघडले तेव्हा ते परातीत डुलत होतं. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग पदराचा बोळा तोंडावर दाबून रडली.

गुरुवारी मांडवात नेहमीपेक्षा दुप्पट माणूस होता. हरणाबाई आल्यावर कुजबुज उठली. सर पुढं होऊन म्हणाले, "गावानं निकाल द्यायच्या आधी तिला शेवटची संधी मिळावी." बुवांनी उदारपणे हात वर केला. हिचं अंडं हलणार नाही ही त्यांची खात्री होती.

पण आधी हर्षाली पुढं आली. तिनं अंडं दिलं. बुवांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"तीन आठवडे होत आले," ती म्हणाली.

बुवा प्रसन्न हसले, अंडं कपाळाला लावलं, पाण्यात सोडलं. अंडं तरंगलं आणि जागच्या जागी राहिलं. बुवांचं हसू तेवढं हललं. त्यांनी थोडं पाणी ढवळून पाहिलं. मग आवाज चढवून म्हणाले, "चेटकिणीच्या दारात पाय ठेवला हिनं. ह्या घरातबी शिरली पीडा."

हर्षालीच्या शेजारची बाई बाजूला सरकली. दुसरीनं लेकराला ओढून घेतलं. मागून कुणीतरी बोललं, "बुधवारी ओढ्याकडं जाताना म्या बघितलं हिला." लक्ष्मीबाई उठून उभ्या राहिल्या.

"माझी सून हाय ती," त्या म्हणाल्या. "तिच्यात काय खोट न्हाय. मला ठाव हाय."

"पाणी खोटं बोलत न्हाय, माय."

"मग पाण्याला काय कळत न्हाय," लक्ष्मीबाई बोलून गेल्या, आणि स्वतःच दचकल्या.

आता हरणाबाई पुढं आली. बुवांनी तिच्याकडून दोन बोटांनी अंडं घेतलं आणि सोडून दिलं. अंडं डुललं, थबकलं, गिरकी घेतल्यासारखं फिरलं.

बुवा सावरले. "पश्चात्ताप झाला बाईला. पाप धुतलं गेलं. बोला—"

"बुवा," हर्षाली म्हणाली, "अंडी आम्ही बदलली होती. नाचलं ते माझ्या काळीखालचं. निजलं ते मावशीचं."

मग सर म्हणाले, "दोन्ही अंड्यांवर मंत्र ह्यांनीच म्हटला. अंडं कुणाचं ते अंड्याला कळलं नाही आणि ह्यांनाही कळलं नाही."

हर्षालीनं दोन्ही अंडी पाण्यातून काढली. काळीचं अंडं तिनं पुसून सासूच्या कानाला लावलं. आतून चिवचिव आली, अगदी स्पष्ट. लक्ष्मीबाईनं ते शेजारणीच्या कानाला लावलं आणि मग आण्णासाहेबांनीही वाकून ऐकलं. दुसरं अंडं हर्षालीनं ताटात फोडलं. पातळ, पिवळं पाणी आणि वास. पिल्लाचा मागमूस नाही.

तिनं सगळं उलगडून सांगितलं. पिल्लू भरलं की अंडं कोमट पाण्यात हलतं, त्याआधी बुडतं नाहीतर नुसतं तरंगतं. म्हणून बुवा दिवस विचारतात. नुकती बसवलेली असली की पीडा सांगायची, कोंबडा घ्यायचा आणि पुढचे गुरुवार द्यायचे. तेवढ्यात पिल्लू वाढतं. "पीडा गेली नाही, नुसते दिवस गेले," ती म्हणाली. "आणि मावशीचा कोंबडा ह्यांनीच नेला, म्हणून तिच्या अंड्यात पिल्लू धरलं नाही. कोंबड्या मरायल्यात त्या मानमोडीनं. तिची लस जनावरांच्या दवाखान्यात मिळते. पण आपण दवाखान्यात गेलोच नाही, हितं येऊन बसलो."

"कोंबडे कुठं हैत, बुवा?" आण्णासाहेबांनी विचारलं.

बुवांनी आकाशाकडं बोट केलं. जीपवाला मागून शांतपणे म्हणाला, "त्यांच्या माणसानं दर गुरवारी माझ्याच गाडीतनं हायवेवरच्या ढाब्यावर पोचवलेत."

कुणी हात उचलला नाही. सरांनी पोलिसांना फोन लावेपर्यंत बुवा आणि त्यांचा माणूस ऊस भरलेल्या ट्रॅक्टरवर चढून निघून गेले होते. तक्रार मात्र झाली, आणि पहिली सही आण्णासाहेबांची होती.

संध्याकाळी लक्ष्मीबाई सुनेला घेऊन ओढ्यापलीकडं गेल्या. हरणाबाईनं चहा टाकला. चहा पिऊन झाला. शेवटी हरणाबाईच म्हणाली, "लक्ष्मे, त्यो बुवा परका. त्याचं मला काय न्हाय. सगळे प्रश्न त्योच इचारत होता, तुमी नुसती उत्तरं देत होताव. पण तू मला लहानपणापासनं वळखतीस. 'हरणे, तुझा कोंबडा कुठंय?' एवढं तरी इचारायचं होतंस."

लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "भ्याले म्या."

"भ्या वाटलं तरी इचारावं," हरणाबाई म्हणाली. "भ्या वाटलं तर आधी इचारावं."