मुठीचं पीठ

वाटूरच्या आमच्या घरी चुलीशेजारी एक गाडगं असायचं. पीठ मळण्याआधी बिस्मिल्ला म्हणून त्यातली एक मूठ गाडग्यात टाकायची, मगच भाकरी. मशिदीत अजान देणारे चांदचाचा दर शुक्रवारी झोळी घेऊन फिरत आणि घरोघरची गाडगी रिकामी करत. ते पीठ गावातल्या नडलेल्या घरी जायचं. कोणाच्या, ते चाचा कधी सांगत नसत.

मूठ टाकायचा मान अब्बांचा. माझे अब्बा, फकरोद्दीन, नालबंद होते. फाट्यावरच्या लिंबाखाली बैलांना नाल ठोकायचे. त्यांच्या एका मुठीत माझ्या दोन्ही मुठी मावायच्या.

एका उन्हाळ्यात रामकिसनकाकांच्या बैलानं लाथ झाडली आणि अब्बांची मांडी मोडली. काका खाटेशी येऊन बैलाला शिव्या घालायचे.

"त्याला काहून बोलता?" अब्बा म्हणायचे. "खिळा मी ठोकून राह्यलो होतो. तुमच्या पायात ठोकला तर तुम्ही काय मुका घेताल का?"

काका हसायचे. जाताना अम्माला विचारायचे, "वहिनी, काही लागतंय का?"

"अल्लाचा फजल है, भाऊ, काही नको," अम्मा म्हणायची. अब्बांनी तसंच सांगून ठेवलं होतं.

मांडी जल्दी जुळली नाही. डब्यातलं पीठ तळाला गेलं, तरी अम्मा परात खाटेपाशी न्यायची आणि अब्बा मूठ भरून द्यायचे. ती गाडग्यात पडताना मी बघत राहायची. मला ती माझी भाकरी वाटायची.

"अब्बा, तुमची मूठ लई मोठी है," एकदा मी म्हणालेच.

अब्बांनी मूठ उघडून पीठ परातीत सोडलं.

"बराबर है. मुजाहिदला बोलाव."

मुजाहिद माझा धाकटा भाऊ, जेमतेम बोलायला लागलेला. त्यानं मूठ भरली, अर्धी स्वतःच्या पोटावर सांडली आणि उरलेली गाडग्यात टाकली.

"झालं," अब्बा म्हणाले. "लहान झाली तर होऊ दे. बंद न्हाई करायची."

पुढच्या गुरुवारी डबा रिकामा झाला. शुक्रवारी चांदचाचा आमचं गाडगं झोळीत ओतून गेले आणि दिवस कलताना परत आले. भरलेली झोळी त्यांनी अब्बांच्या पायथ्याशी ठेवली.

अब्बांचा चेहरा उतरला. "चाचा, घर चुकलात."

"न्हाई चुकलो."

"माझा अल्लावर भरोसा है. तो बघंल."

"मंग फरिश्ताच यायला पायजे होता का? मी आलो तर चालत न्हाई? गुडघे दुखून राह्यले, बसू तर दे."

अब्बांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "घेऊन जा."

अम्मा दारात उभी होती. सकाळपासून चूल पेटली नव्हती. मुजाहिद रडून रडून झोपला होता. मी झोळीत डोकावले. ज्वारीचं, बाजरीचं, गव्हाचं, सगळं एकात एक झालेलं.

"अब्बा, यात आपली मूठ पण है ना? तेवढी तरी काढून घेऊ. बाकीचं चाचा नेतील."

चांदचाचांनी झोळी माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाले, "काढ बेटी. शोध."

मी खरंच शोधू लागले. हात कोपरापर्यंत पिठात. जरा पिवळसर दिसलं की वाटायचं, हे आपल्या ज्वारीचं. पुन्हा वाटायचं, नसेल.

अब्बा कधी वळले, कळलं नाही. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की रडत होते, तेही मला कळलं नाही.

"राहू दे, बेटा," ते म्हणाले. "न्हाई सापडायची." मग अम्माला म्हणाले, "परात आण."

अम्मानं मुजाहिदला उठवलं. पेंगतच त्यानं त्या पिठातली मूठ गाडग्यात टाकली. त्या संध्याकाळच्या भाकरी ठिपक्याठिपक्यांच्या होत्या, काठाला फुटलेल्या. इतकी गोड भाकरी मी पुन्हा खाल्ली नाही.

अब्बा पुढं लंगडत का होईना, लिंबाखाली गेले. आता तिथं बैलच येत नाहीत. मी जालना शहरात, नवीन जालना भागात असते. शाळेतून निवृत्त झाले तरी गल्लीतली मुलं दुपारी वाचायला येतात. कधी त्यांच्यासाठी मुद्दाम तीन पिठं एकत्र करून भाकरी थापते.

"नानी, यातलं गव्हाचं कोणतं?" परवा त्यांतल्या अर्शियानं विचारलं.

"शोध," मी म्हणाले.

ती भाकरी खिडकीच्या उजेडात धरून शोधत बसली.