फेस

कापड रंगवण्याच्या कारखान्यातलं घाण पाणी मी बावीस वर्षं स्वच्छ करतोय. खरं तर मी नाही, हवेच्या टाकीतले जिवाणू करतात. पगार तेवढा मी घेतो. टाकीत चोवीस तास हवा सोडायची, जिवाणू घाण खात राहतात आणि वर तपकिरी फेस येतो. दिसायला ओंगळ, पण तसा फेस असला की टाकी खुशाल आहे असं समजायचं.

हे मला नुसत्या वासावरून कळतं. त्याची घमेंड आहे मला, नाकारत नाही. म्हणूनच दोन महिन्यांपूर्वी जावयांना इथे चिकटवलं तेव्हा झडपा दाखवल्या, पंप दाखवले. टाकीचं मात्र "ते माझं मी बघतो" म्हणून सोडून दिलं. सगळंच शिकवून टाकलं तर उद्या आपल्याला कोण विचारणार?

सोमवारी प्रदूषण तपासणीचे साहेब येणार होते. रविवारी कारखाना बंद, मला सुट्टी. जावयांनी एकट्याने आवार धुऊन काढलं, कठडे पुसले. टाकीतला फेस काही त्यांना बघवेना. फरशीसाठी आणलेल्या जंतुनाशकाचे सहा कॅन त्यांनी टाकीत रिकामे केले.

सकाळी आलो तर फेस गायब, आणि दवाखान्यासारखा वास.

"कसं लखलखतंय, मामा?"

मी ओरडलो, "अहो जावईबापू, मारलंत की सगळ्यांना!"

"कुणाला?" म्हणत बिचाऱ्यांनी खरोखर आजूबाजूला पाहिलं.

तिकडे रंगाई सुरू झाली होती. ते पाणी आता जसंच्या तसं ओढ्यात गेलं असतं, आणि ओढा खालच्या वस्तीतून जातो. मी टाकीत पाणी आणणारी झडप बंद केली. पाणी तुंबलं आणि रंगाई थांबली. पाच मिनिटांत मॅनेजर धापा टाकत हजर.

"काय झालं? काल वीज जाऊन टाकीची हवा बंद पडली होती का?"

आयतं उत्तर त्यांनीच हातात दिलं होतं. जावयांची नोकरी अजून कच्ची, माझ्या मुलीचा संसार तिच्यावर. पण वीज गेली म्हटलं असतं, तर मॅनेजर नुसती हवा सोडून वाट बघत बसले असते. मेलेली टाकी हवेने उठत नाही. ती उपसायची, धुवायची आणि शेजारच्या कारखान्यातून जिवाणूंनी भरलेल्या जिवंत गाळाचा टँकर आणून नव्याने सुरू करायची. खरं कारण कळल्याशिवाय तो टँकर कोण मागवणार होतं?

सांगून टाकलं. काय ओतलं, किती ओतलं, कुणी ओतलं. इथपर्यंत मी खरं बोललो, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

"टाकीत काही टाकायचं नसतं, हे यांना सांगितलं नव्हतं तुम्ही?"

बावीस वर्षांत माझ्या नावावर एक चूक नव्हती.

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

जावयांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. आता हे माझं पितळ उघडं पाडणार. पाडावं, असंही वाटलं मला, देवाशपथ वाटलं.

"मामांनी सांगितलं होतं, साहेब," ते खाली बघत म्हणाले. "माझ्याच लक्षात राहिलं नाही."

मॅनेजरनी त्यांना तिथल्या तिथे घरी जायला सांगितलं. मी टँकरसाठी फोन लावत होतो. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत मला तोंड उघडायला भरपूर वेळ होता.