कारखानदारांची फिर्याद

नवरा केस कापायला गेलेला बघून बायकोने परसातली शेड पेटवली, आणि त्याने रागाच्या भरात स्वतःच पोलिसांत फिर्याद दिली. वर फुशारकी मारली, की आपला रेडिओदुरुस्तीचा चालता कारखाना जळाला. यंत्रं, सुटे भाग, वाचायचा चष्मासुद्धा! ‘कारखानदार’ हे नाव गल्लीने थट्टेने ठेवलेलं, पण यांनी ते भलतंच मनावर घेतलं होतं. आता गुन्हा शाबीत झाला होता, बाई जामिनावर बहिणीकडे राहत होत्या, आणि आज शिक्षा ठरायची होती. कारखानदारांचा राग केव्हाच उतरला होता. रिकामं घर खायला उठायचं. त्यांना बायको परत हवी होती.

"मोडकी शेड जाळणं वेगळं नि चालता धंदा जाळणं वेगळं," बाईंच्या वकिलाने त्यांना कोर्टाबाहेरच्या बाकावर बजावलं होतं. "धंदा म्हणालात तर तुरुंग आहे, काका."

आत सरकारी वकील तावातावाने उभे राहिले. "साहेब, हा रागाचा झटका नाही. आग लावण्याआधी बाईंनी शेजारणीचे वाळत घातलेले कपडे तारेवरून काढले, घड्या घातल्या. संतापलेला माणूस घड्या घालतो का? ही पूर्वतयारी आहे!"

"पाण्याच्या बादल्याही भरून ठेवल्या होत्या," बाईंचा वकील म्हणाला. "कोणाला इजा होऊ नये म्हणून!"

"म्हणजे तयारीच की!"

बादली तीच, एकाला तिच्यात पाप दिसत होतं, दुसऱ्याला पुण्य.

न्यायाधीशांनी बाईंना विचारलं, "पश्चात्ताप होतोय का?"

"शेजारणीचा एक टॉवेल तारेवर राहिला, साहेब. त्याचा होतो."

त्यांच्या वकिलाने कपाळावर हात मारला.

मग कारखानदारांची पाळी आली. "कारखाना खरंच चालू होता?" न्यायाधीशांनी विचारलं.

त्यांनी मागे पाहिलं. अर्धी गल्ली फुकटचा तमाशा बघायला लोटली होती. निवृत्तीनंतरची सगळी ऐट ज्या नावावर उभी, ते आता आपल्याच तोंडाने पुसायचं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कसला कारखाना, साहेब," ते शेवटी म्हणाले. "भंगार होतं. निवृत्त झाल्यापासून माझ्या हातून एक रेडिओ वाजला नाही. घरात हिच्याशी काय बोलावं सुचायचं नाही, म्हणून आतून कडी लावून बसायचो. ही दार वाजवायची, तर कामात आहे म्हणायचो."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पिंजऱ्यातून बाई म्हणाल्या, "अहो, एवढंच घरात बोलला असतात, तर काड्यापेटी वाचली असती."

साहेबांनी हसू फायलीआड दडवलं. तुरुंग टळला. वर्षभर नीट वागण्याची हमी, आणि हमीला जामीन नवरा. जिने आग लावली तिच्यावर लक्ष कोणी ठेवायचं, तर ज्याचं जळलं त्याने!

कारकुनाने कागद पुढे सरकवला. सही कुठे करायची ते दिसेना, म्हणून कारखानदार कागद कधी लांब, कधी जवळ धरू लागले. तेव्हा पिंजऱ्यातून उतरलेल्या बाईंनी पिशवीतून एक चष्मा काढून त्यांच्या नाकावर चढवला. फिर्यादीतला, जळून गेलेला चष्मा. काचा लख्ख पुसलेल्या होत्या.

"अगं, हा कधी..."

"आधी हाच उचलला," बाई म्हणाल्या. "शेजारणीचे कपडे मग. करा सही."