खोबरेल लावलेलं पिस्तूल

माझ्या नवऱ्याला मला मारायला पिस्तूल लागत नसे. त्यासाठी पट्टा होता, चार्जरची वायर होती, काहीच हाताशी नसलं तर लाथ होती. पिस्तूल शेखरने घेतलं ते लोकांना दाखवायला. मलकापुरात हायवेलगत तो प्लॉटचे व्यवहार करायचा आणि शर्टाखालचा उंचवटा बघून समोरचा नरम पडतो, असा त्याचा समज होता. तळहाताएवढं, खिशात मावणारं पिस्तूल. परवानासुद्धा होता.

गोम एकच. गोळी नळीत चढवायला वरची स्लाइड मागे ओढावी लागते, आणि पिस्तूल जितकं लहान तितकी ती ओढायला जड. शेखरचा अंगठा गाडीवरून पडून मोडलेला, तो नीट जुळलाच नव्हता. चिमटीत स्लाइड धरून तो जोर लावायचा, तोंड लाल व्हायचं, स्लाइड जागची हलायची नाही. मग राग माझ्यावर निघायचा. दुकानदाराकडे जाऊन "मले ओढवत नाही" म्हणायची त्याला लाज वाटे.

शेवटी मीच मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. स्लाइड चिमटीत नाही, पूर्ण मुठीत धरायची, पिस्तूल छातीजवळ घ्यायचं आणि दुसऱ्या हातातली पिस्तुलाची मूठ पुढे ढकलायची. मला पहिल्याच झटक्यात जमलं.

"तू मले शिकवतं काय वं?" म्हणत त्याने कानाखाली लगावली. पण दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी मी केसांचं खोबरेल तेल स्लाइडच्या खाचेत चांगलं मुरवलं, तेव्हा ती त्याच्या चिमटीलाही सरकू लागली. तो आठवडा घरात शांततेत गेला.

थंडीत त्याने माझे पुढचे दात पाडले आणि मी बीबी गावाला आईकडे निघून आले. बाबा गेल्यापासून आई, रुक्मिणीबाई, एकटीच राहते. याआधीही मी अशी आले होते. चुलीपुढे बसून पिस्तुलाचं, तेलाचं सगळं तिला सांगितलं होतं. तेव्हा तिने जखमांना हळद लावली, जेवू घातलं आणि एसटीत बसवून दिलं. "तुहं घर मलकापूरले हाय, बाई," हे तिचं ठरलेलं वाक्य. या खेपेला ती काहीच बोलली नव्हती, पण आज ना उद्या धाडणारच, हे मी धरून चालले होते.

एका सकाळी आम्ही दोघी अंगणात शेकोटीपाशी बसलो होतो. शेखर गाडीवरून उतरला, डिकीतून पिस्तूल काढलं आणि काही न बोलता माझ्या पोटात लाथ घातली. मी आडवी झाले. माझ्या केसांवर बूट रोवून त्याने स्लाइड ओढली.

ती सरकली नाही. पुन्हा ओढली. मग पिस्तुलाची मूठ माझ्या कपाळावर हाणली. डोळ्यात रक्त उतरलं.

"काऊन नाही सरकून राह्यलं हे?"

मला माहीत होतं. पहाटेच्या थंडीत गाडी हाकली होती त्याने. मी तोंड मिटून पडून राहिले.

"खोबरेल हाय ते," आई म्हणाली. "थिजलं असंन, जवाईबापू. आना इकडं, जरासं शेकलं का मोकळं होते."

त्या क्षणी मला शेखरपेक्षा आईचा संताप आला.

आणि त्याने पिस्तूल दिलं. जन्मभर पाण्याच्या तांब्यापासून इस्त्रीच्या शर्टापर्यंत सगळं बायकांच्या हातून होत आलेलं, आणि ही सासू तर कायम त्याचीच बाजू घेणारी. मोकळ्या हाताने त्याने कमरेचा पट्टा सोडला. पाठीवर, मानेवर, तोंडावर, जिथे बसेल तिथे तो मारत होता. आई निखाऱ्यांच्या धगीवर पिस्तूल उलटंपालटं करत होती, जशी भाकरी शेकते तशी.

"झालं का?" धापा टाकत त्याने विचारलं.

"झालं."

तिने पदराने पिस्तूल पुसलं, त्याच्या शेजारून पुढे आली, वाकली आणि ते माझ्या हातात दिलं.

"संजीवनी, ढकल."

तिने माझं सगळं ऐकलं होतं. मी मूठ आवळली, छातीशी धरून ढकललं. स्लाइड अलगद मागे गेली, खटकन पुढे आली. शेखरने पट्टा उगारलेलाच होता. मी त्याच्या गुडघ्यात गोळी घातली.

तो शेकोटीत हातांवर पडला. ओरडत बाहेर लोळला. तळवे भाजले होते, गुडघ्याच्या जागी रक्तामांसाचा लगदा. "आई, धरा मले," तो आईकडे हात करून रडत होता. ती जागची हलली नाही.

मी पिस्तूल त्याच्या छातीवर रोखलं. मला त्याला ठार मारायचं होतं. आजही त्यात मला काही वावगं वाटत नाही.

आईने माझं मनगट धरलं. तिचे हात निखाऱ्याने तापलेले होते.

"बस. याच्यापायी जेलात नको जाऊ," ती म्हणाली. "घरात चाल. तुहं घर हे हाय."